स्वतःचा पाय पणाला लावणारा डॉक्टर

मित्रांनो, ग्राउंडवर क्रिकेट खेळताना पाय मुरगळला की आपण काय करतो? मेसमधून बर्फ मागून आणतो, रूम पार्टनरकडून क्रेप बँडेज घेतो, दोन दिवस लेक्चर बुडवतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बॅटिंगला उभे! पाय ही गोष्टच अशी आहे. तो नीट चालतो तोवर त्याच्याकडे आपलं लक्षसुद्धा जात नाही. पण वयाच्या दुसऱ्या वर्षापासून ज्याची टाच जमिनीला नीट टेकली नाही, त्याने काय करायचं? रडत बसायचं, नशिबाला दोष द्यायचा, की या रोगावर उपाय सापडेपर्यंत शांत बसायचं नाही असं ठरवायचं?

तिसरा रस्ता निवडणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव डॉ. विल्यम जॉन लिटल. मेडिकलच्या मुलांना हे नाव पुस्तकातून माहीत असतं. आपल्याला, म्हणजे नट-बोल्ट आणि सर्किटवाल्यांना, ते सहसा माहीत नसतं. पण ही गोष्ट वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की हा माणूस अर्धा तरी इंजिनिअर होता!

विल्यमचा जन्म ७ ऑगस्ट १८१० रोजी लंडनमधल्या ऑल्डगेट भागात झाला. आईवडील एक सराई चालवायचे. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असायची. मूल हसतंखेळतं होतं. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि एका पायातली ताकद गेली. आज आपण त्याला पोलिओ म्हणतो. तेव्हा या रोगाला धड नावही नव्हतं, लस तर फार पुढची गोष्ट. ताप उतरला, पण पाय हळूहळू वाकडा होत गेला. टाच वर उचलली गेली, तळवा आत वळला, आणि मूल पावलाच्या पुढच्या नि बाहेरच्या कडेवर लंगडत चालायला लागलं.

लहान मुलं किती निष्ठुर असतात हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या गावातही अशा पोराला कोणी त्याच्या नावाने हाक मारत नाही, व्यंगाच्या नावानेच मारतात. विल्यम काही वर्षं फ्रान्समध्ये शिकायला होता. तिथली पोरं त्याला लंगडं बदक म्हणून चिडवायची. पण त्या शाळेत तो एक गोष्ट छान शिकला, ती म्हणजे फ्रेंच भाषा. ही भाषा पुढे त्याच्या किती कामी येणार होती हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

पंधरा-सोळा वर्षांचा झाल्यावर त्याने औषधं बनवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १८२८ मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये डॉक्टरी शिकायला नाव घातलं. म्हणजे आपण फर्स्ट इयरला येतो जवळपास त्याच वयात. फरक एवढाच की आपल्यापैकी बरेच जण सीईटीच्या मार्कांवर ब्रँच निवडतात. याने ब्रँच निवडली ती स्वतःच्या पायाकडे बघून.

आता इथे थोडं मेकॅनिक्स. घाबरू नका, सोपं आहे! आपल्या पोटरीचा स्नायू खाली येताना एका जाड दोरीसारखा होतो आणि टाचेच्या हाडाला चिकटतो. टाचेच्या मागे चिमटीत धरली की ती हाताला लागते. आपण तिला साध्या भाषेत शीर म्हणतो, पण ती रक्ताची शीर नव्हे. मराठी पुस्तकात अशा दोरीला कंडरा म्हणतात आणि डॉक्टर लोक टेंडन. टाचेची ही कंडरा म्हणजे अकिलिस टेंडन, शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत. स्नायू आखडला की ती टाच वर ओढते. नडगीच्या पुढचे स्नायू उलट बाजूने पाऊल वर उचलतात. दोन्ही बाजूंचा ताण सारखा असला की पाऊल सरळ.

रस्त्याच्या कडेचा विजेचा पोल आठवा. त्याला दोन बाजूंनी स्टे वायर असतात. एका बाजूची वायर तुटली तर पोल दुसऱ्या बाजूला झुकतो. पोलिओत हेच होतं. पुढचे स्नायू लुळे पडतात आणि मागची कंडरा एकटीच ओढत राहते. वर्षानुवर्षं तशीच स्थिती राहिली की मागचा स्नायू आखूडच होऊन बसतो. मग पोलला कितीही धक्के मारा, तो सरळ होणार नाही. आधी ती घट्ट वायर सैल करावी लागेल. जन्मतःच पाऊल आत वळलेल्या बाळांमध्ये, ज्याला क्लबफूट म्हणतात, कारण वेगळं असलं तरी टाचेच्या मागची ही आखूड दोरी तिथेही मोठा अडथळा असते.

विल्यमच्या काळात डॉक्टर लोक पोललाच धक्के मारत होते! लोखंडी पट्ट्या, लाकडी फळ्या, चामड्याचे पट्टे, मालिश. लहान बाळांचं पाऊल हाताने हळूहळू वळवून पट्ट्या बांधायची पद्धत तर ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासून होती आणि ती चांगली होती. पण मोठ्या मुलांमध्ये कंडरा ताणाला दाद देत नसे. श्रीमंतांचंही काही चालत नव्हतं. इंग्रज कवी लॉर्ड बायरन वाकड्या पायाचं दुःख आयुष्यभर बाळगून १८२४ मध्ये गेला.

मग कंडरा कापून का टाकायची नाही? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तो त्यांनाही पडला होता. पण टाचेच्या शिरेची भीती फार जुनी. ग्रीक कथेतला महाबली अकिलिस टाचेत बाण लागून मेला. आपल्याकडेही श्रीकृष्णाचा अंत पायात व्याधाचा बाण लागूनच झाला. ही कंडरा जखमी झाली तर माणूस तापाने मरतो असं जुने वैद्य मानायचे. आणि ही नुसती अंधश्रद्धा नव्हती. तेव्हा जंतूंची माहितीच नसल्यामुळे उघड्या जखमेत पू होणं ठरलेलं. भूल देण्याचं शास्त्र नव्हतं, ते १८४६ नंतरचं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे कापलेली कंडरा परत जुळते का? नाही जुळली तर पाय वाकडा तो वाकडा, वर निकामीही.

थोडेफार प्रयत्न झाले होते. १७८४ मध्ये जर्मनीत एका मुलीची कंडरा कातडीसकट उघडी कापली गेली. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये डेल्पेश नावाच्या सर्जनने जास्त विचार करून दोन्ही बाजूंनी छेद घेऊन ती कापली. जखमेत पू झाला, बरं व्हायला फार वेळ लागला, आणि त्याने पुन्हा ती वाट धरली नाही. पण त्याचं लिखाण विल्यमने मुळातून वाचलं. शाळेतलं फ्रेंच कामी आलं ते इथे!

वाचून त्याने लंडनमधल्या मोठमोठ्या सर्जन मंडळींना आपला पाय दाखवला आणि हे ऑपरेशन करावं का असं विचारलं. सगळ्यांचं मत पडलं की करू नये. तो स्वतः आता डॉक्टर झाला होता, समोरचे लोक त्याचे गुरू होते. अशा वेळी आपण काय करतो? सर नाही म्हणाले, विषय संपला. विल्यमने मात्र सामान बांधलं आणि जर्मनीची वाट धरली.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो थेट सुरीखाली जाऊन झोपला नाही. बर्लिनमध्ये त्याने नामांकित शरीरशास्त्रज्ञ म्यूलर यांच्याकडे अभ्यास केला. तिथल्या संग्रहात ठेवलेल्या वाकड्या पावलांचं विच्छेदन करून कोणतं हाड कुठे सरकलंय, कोणती दोरी कुठे अडवते, हे स्वतः पाहिलं. म्हणजे आधी डिझाइन समजून घेतलं. तिथेच त्याची डिफेनबाख या मोठ्या सर्जनशी ओळख झाली. त्या ऑपरेशनवर डिफेनबाखचाही तेव्हा फारसा भरवसा नव्हता. पण हॅनोवर शहरातल्या एका तरुण सर्जनने काही नवीन केलंय हे विल्यमला ठाऊक होतं.

त्या सर्जनचं नाव लुई स्ट्रोमायर. विल्यमपेक्षा सहाच वर्षांनी मोठा. स्ट्रोमायरने १८३१ पासून कंडरा कापायला सुरुवात केली होती, पण वेगळ्या रीतीने. तो कातडी उघडायचाच नाही. अगदी अरुंद पात्याची सुरी एका बारीक छिद्रातून आत सरकवायची, कंडरा आतल्या आत कापायची आणि सुरी बाहेर काढायची. बाहेर दिसणार फक्त टोचल्याएवढी खूण. ती लवकर मिटून जायची आणि आतल्या जखमेला बाहेरची घाण लागायचीच नाही. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रिया जगासमोर मांडली ती १८६७ मध्ये. जंतू म्हणजे काय हे माहीत नसतानाही स्ट्रोमायरने त्यांना दाराबाहेर ठेवण्याची युक्ती काढली होती!

जून १८३६ मध्ये हॅनोवरला स्ट्रोमायरने विल्यम लिटलची कंडरा कापली. रोगी डॉक्टर होता, पंचवीस वर्षांचा होता, आणि शुद्धीवर होता. तेव्हा आपला भंडारा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि भारतात पहिली प्रवासी रेल्वे धावायला अजून सतरा वर्षं होती. लंडनहून समुद्र ओलांडून एवढ्या लांब, परक्या देशात, आपल्या शिक्षकांनी नको म्हटलेली गोष्ट स्वतःच्या शरीरावर करून घ्यायची! फसलं असतं तर पाय गेला असता, कदाचित जीवही. आणि लंडनच्या लोकांनी आम्ही सांगितलंच होतं असं म्हणून फाइल कायमची बंद केली असती.

पण कापणं हे खरं ऑपरेशन नव्हतंच. ते तर मिनिटभराचं काम. खरं ऑपरेशन त्याच्यानंतर सुरू होतं. कंडरा कापली की पोटरीचा स्नायू वरचं टोक ओढून घेतो आणि दोन टोकांमध्ये फट पडते. त्या फटीत आधी रक्त गोठतं. मग काही दिवसांत आजूबाजूच्या आवरणातून पेशी तिथे येतात आणि बारीक तंतू विणायला लागतात. सुरुवातीला हे विणकाम मऊ आणि वेडंवाकडं असतं. पुढच्या आठवड्यांत ताण ज्या दिशेने असेल त्या दिशेने तंतू रांगेत लागतात, दाट होतात आणि फटीच्या जागी नवीन कंडरा तयार होते. जुनी अधिक नवीन, म्हणजे लांबी वाढली, टाच खाली आली!

सिव्हिलच्या मित्रांना हे लगेच समजेल. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी सेंटरिंग काढत नाहीत, क्युरिंग होऊ देतात. इथेही तसंच. पाय फार लवकर जोरात ताणला तर फट मोठी राहते आणि नवीन दोरी कमजोर होते. फार उशीर केला तर टोकं जवळच जुळतात आणि कंडरा पुन्हा आखूड. म्हणून स्ट्रोमायर थोडे दिवस वाट बघायचा, मग पाय एका पाऊल-फळीच्या साधनात बसवून रोज थोडं थोडं सरळ करत न्यायचा. घाई नाही आणि आळसही नाही. लिटलचं पाऊल असंच हळूहळू जमिनीवर आलं. पोलिओने गेलेली ताकद परत आली नाही, ती येणारही नव्हती. पण टाच टेकली. इतक्या वर्षांनी माणूस पूर्ण पावलावर उभा राहिला!

त्याच पायावर चालत तो बर्लिनला परत गेला. डिफेनबाखला वेगळा पुरावा लागला नाही, पुरावा चालत आला होता. पुढे त्याने स्वतः असे अनेक पाय सोडवले. लिटलने याच विषयावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि १८३७ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनला परतल्यावर त्याने पहिलं असं ऑपरेशन आपल्या हाताने केलं. ज्या शहराने नको म्हटलं होतं त्याच शहरात!

इथून पुढे डॉ. लिटल यांनी मागे वळून पाहिलं नाही. १८३९ मध्ये त्यांचं क्लबफूटवरचं इंग्रजी पुस्तक आलं. नुसत्या प्रॅक्टिसवर त्यांना चैसे कमावता आले असते, पण वाकड्या पायांची बहुतेक मुलं गरिबाघरची होती. त्यांच्यासाठी वेगळं हॉस्पिटल हवं म्हणून त्यांनी खटपट केली आणि १८४० मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी स्क्वेअरमध्ये ते सुरू झालं. १८४५ मध्ये त्याला रॉयल हा मान मिळाला. इतर हॉस्पिटलं त्यात मिळत गेली आणि आजचं रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल त्यातूनच उभं राहिलं.

कंडरा जुळते हे तर दिसत होतं, पण नेमकी कशी जुळते हे दाखवायचं काम त्याच हॉस्पिटलमधल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी केलं. त्यांनी सशांवर प्रयोग केले, माणसांच्या कंडरा तपासल्या आणि १८६० मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे आधी हात, मग शास्त्र. आपल्याकडेही भंडाऱ्याचे पितळेची भांडी घडवणारे कारागीर धातू किती तापवायचा हे पिढ्यानपिढ्या जाणत होते, त्यामागचं मेटलर्जीचं पुस्तक आपण नंतर वाचतो!

डॉ. लिटल यांचं नाव मात्र वैद्यकात जास्त अजरामर झालं ते दुसऱ्याच कामामुळे. वाकडे पाय तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं की काही मुलांचा मूळ दोष पायात नसतोच. त्यांचे दोन्ही पाय ताठ असतात, गुडघे एकमेकांवर घासतात, मूल चवड्यांवर चालतं. अशा मुलांच्या आयांना ते जन्माच्या वेळची हकिगत विचारायचे. कोणी दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, कोणाची आई फार अडलेली, कोणी जन्मल्यावर रडलंच नव्हतं. जन्माच्या वेळी गुदमरून मेंदूला इजा होते आणि परिणाम पायात दिसतो, असं त्यांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्राच्या सभेत मांडलं. या आजाराला बरीच वर्षं लिटलचा रोग म्हणत, आज सेरेब्रल पाल्सी म्हणतात. सगळ्याच केसेसमध्ये कारण प्रसूती नसतं हे पुढे कळलं, पण पायाचं दुखणं मेंदूपर्यंत शोधत नेणारे ते पहिल्या काही लोकांपैकी होते.

आपल्या सर्जनला ते विसरले नाहीत. एका मुलाचं नावच त्यांनी लुई स्ट्रोमायर लिटल ठेवलं. तोही सर्जन झाला. दुसरा मुलगा अर्नेस्ट म्युरहेड लिटल १९१८ मध्ये ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनचा पहिला अध्यक्ष झाला. म्हातारपणी डॉ. लिटल यांना ऐकू येईनासं झालं, त्यांनी काम थांबवलं आणि केंट परगण्यातल्या एका गावी राहायला गेले. ७ जुलै १८९४ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मग आज या सगळ्याचं काय? मित्रांनो, ती बारीक छिद्रातली सुरी आजही चालू आहे. साधारण हजार बाळांमागे एक बाळ क्लबफूट घेऊन जन्मतं. आता पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची पद्धत जगभर वापरतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत दर आठवड्याला पाऊल हळुवार वळवून प्लास्टर, अशी पाच-सहा प्लास्टर. शेवटी बहुतेक बाळांची टाचेची कंडरा बारीक छेदातून सोडवतात आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घालतात. प्लास्टर काढेपर्यंत फट भरून आलेली असते! त्यानंतर आधी दिवसरात्र आणि मग चार वर्षांपर्यंत रात्री पट्टीचे बूट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत जी तपासणी होते, तिच्या यादीतही क्लबफूट आहे.

पण खरी अडचण सुरीची नाही. तुमसर, साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही तालुक्यातलं मजुरी करणारं कुटुंब घ्या. ऐन रोवणीच्या दिवसांत दर आठवड्याला मजुरी बुडवून बाळाला घेऊन दवाखान्यात जायचं, पाय सरळ दिसायला लागल्यावरही चार वर्षं रोज रात्री बूट चढवायचे. इथेच लोक थकतात. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळतं. त्यात कोणी म्हातारं सांगतं की आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून पाय असा झाला. ग्रहणाचा यात काही संबंध नाही आणि आईचा दोष तर अजिबात नाही. तुमच्या गावात, नात्यात असं बाळ जन्मलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला सांगा. एवढं तर आपण सुट्टीत घरी गेल्यावर करू शकतो. आपल्यातल्या मेकॅनिकलवाल्यांनी हलका, स्वस्त आणि बाळाला न टोचणारा बूट बनवायचं प्रोजेक्ट घेतलं तर फायनल इयरला विषय शोधत फिरावं लागणार नाही!

पोलिओचं म्हणाल तर भारतात शेवटची केस जानेवारी २०११ मधली, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या रोगाने विल्यमचा पाय वाकडा केला तो आपल्या पिढीला शाळेच्या पुस्तकातच भेटला. पण आपल्या वडिलांच्या वयाचे, टाच न टेकता चालणारे काका-मामा अजून गावोगाव आहेत. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कोणी समोर आलं तर त्यांना त्यांच्या नावाने हाक मारूया. लंडनच्या त्या लंगड्या पोरालाही शाळेत बहुतेक तेवढंच हवं होतं.